वादळाचा इशारा आणि विश्वासणाऱ्याचें कर्तव्य

आपल्या किनाऱ्यावरील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो विचारणारे लोक बहुधा भाविकच असतात. वेधशाळेनें वादळाचा इशारा दिला आणि सरकारी मनुष्य दारीं येऊन घर सोडावयास सांगूं लागला, तर विश्वासणाऱ्यानें काय करावें? देवावर भरंवसा ठेवून घरांतच प्रार्थना करीत बसावें, कीं पोराबाळांस घेऊन शाळेच्या पक्क्या इमारतींत जावें? घर सोडणें म्हणजे देवावरचा भरंवसा सोडणें होय, असें कित्येकांस मनापासून वाटतें. अशा मनुष्यास हंसून वाटेला लावणें योग्य नाहीं. ह्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून त्याचा शांतपणें विचार केला पाहिजे.

प्रथम घडलेल्या गोष्टी पाहूं. २००९ सालच्या ११ नोव्हेंबर रोजीं फयान नांवाचें वादळ अलिबाग व मुंबई ह्यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागलें. त्या वेळीं कोंकणच्या पुष्कळ होड्या खोल समुद्रांत होत्या. इशारा त्यांतील अनेकांपर्यंत वेळेवर पोंचला नाहीं, आणि कित्येक घरांतील कर्ते पुरुष परत आलेच नाहींत. पुढें २०२० सालच्या ३ जून रोजीं, ऐन आगोटीच्या दिवसांत, निसर्ग नांवाचें चक्रीवादळ दुपारच्या सुमारास अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड व अलिबाग ह्या तालुक्यांत घरांवरील कौलें व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. तथापि एवढ्या नासाडींत प्राणास मुकलेल्यांची संख्या सर्व राज्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. ह्याचें मोठें कारण हें कीं, इशारा आधीं मिळाला होता आणि करोनाची सांथ चालू असतांही हजारों लोकांस किनाऱ्यावरील व कच्च्या घरांतून आधींच हलविण्यांत आलें होतें.

हें ज्ञान एका दिवसांत आलेलें नाहीं. १८६४ सालीं कलकत्त्यास भयंकर वादळ होऊन अपरिमित प्राणहानि झाली. पुढें १८७५ सालीं ह्या देशांत हवामान खात्याची स्थापना झाली. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या कोणी तरी रोज पाऊस मोजीत आला, वाऱ्याची दिशा लिहीत आला. आतां त्या कामीं आकाशांतील उपग्रहांची भर पडली आहे. असा पहारा म्हणजे काय तें आपल्याला दूर जाऊन पाहावयास नको. अलिबाग येथें १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा आहे. ती पूर्वीं मुंबईंत कुलाब्यास होती. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार आणि त्यांच्या योगानें नाजूक उपकरणांची नोंद बिघडणार, म्हणून ती समुद्रापलीकडे आपल्या शेजारीं आणिली गेली. उपकरणांच्या इमारतींत लोखंड येऊं नये, एवढी काळजी घेण्यांत आली. ही वेधशाळा वादळें वर्तवीत नाहीं, तिचें काम निराळें आहे. परंतु खरें टिपून घ्यावयाचें तर गोंगाटापासून दूर जावें लागतें आणि कांहीं विशेष न घडलेल्या दिवशींही नोंद करावी लागते, हें तिच्यावरून समजतें. देवानें सृष्टीस नियम लावून दिले आहेत. ते नियम जो इतक्या धीरानें वाचतो, तो देवाच्या कारभारांत ढवळाढवळ करीत नाहीं. त्याच्याच हातचें लिहिलेलें वाचीत असतो.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या जलप्रवासाचें वर्णन आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्या लोकांनीं तो अध्याय पुनःपुन्हा वाचावा. पौल कैदी होता. ऋतु उलटल्यामुळें पुढें जाणें धोक्याचें आहे, असें त्यानें आधींच सांगितलें होतें. परंतु शताधिपतीनें त्याच्यापेक्षां तांडेलाचें व जहाजाच्या मालकाचें म्हणणें अधिक मानिलें. मग वादळ सुटलें आणि कित्येक दिवस सूर्य कीं तारे दिसेनासे झाले. अशा वेळीं देवाच्या दूतानें रात्रीं पौलास वचन दिलें कीं, जहाजावरील एकाचाही प्राण जाणार नाहीं. जहाजावर २७६ माणसें होतीं. वचन मिळाल्यावर पौल हात जोडून स्वस्थ बसला काय? खलाशी लहान होडी सोडून पळून जाण्याच्या बेतांत होते, तेव्हां त्यानेंच बजाविलें कीं हे लोक जहाजावर राहिले नाहींत तर तुमचाही बचाव होणार नाहीं. त्यानें सर्वांस अन्न खावयास लाविलें. धान्य समुद्रांत टाकून जहाज हलकें करण्यांत आलें. आणि अखेरीस कोणी पोहून, कोणी फळ्यांवर बसून किनाऱ्यास लागले. वचन देवाचें होतें. फळी मात्र लांकडाचीच होती.

तेव्हां जो बंधु इशारा ऐकून आपलीं मुलें घेऊन पक्क्या इमारतींत जातो, तो अविश्वासी नव्हे. तो पौलाच्या मार्गानें चालतो. उलट, वाट मोकळी असतां जो मुद्दाम कच्च्या छपराखालीं बसून राहतो आणि ह्यालाच विश्वास म्हणतो, त्यानें मंदिराच्या शिखरावरील परीक्षेचा प्रसंग आठवावा. देव सांभाळील असें म्हणून उडी टाकण्याची सूचना कोणी केली होती, आणि प्रभूनें ती कां नाकारिली? शिवाय असा मनुष्य एकटा धोक्यांत पडत नाहीं. त्याच्या मागें बायकोमुलें असतात, आणि त्याला काढावयास भर वाऱ्यांत जाणारा जो तरुण, त्याचीही आई घरीं वाट पाहत असते.

कोणी म्हणेल, इशारे पुष्कळदां खोटे ठरतात. २०१७ सालच्या डिसेंबरांत ओखी वादळाच्या भीतीनें आपल्या जिल्ह्यांतील शाळा एक दिवस बंद ठेविल्या होत्या; वादळ येतां येतां दुबळें झालें, पाऊस पडला, आणि लोक हंसले. परंतु त्याच वादळानें त्यापूर्वीं केरळ व तामिळनाडूकडील कितीतरी मच्छीमारांस समुद्रांतच गांठलें होतें. आपल्यापर्यंत तें पोंचलें नाहीं, ह्यांत हंसण्यासारखें काय आहे? योना संदेष्ट्यानें निनवे शहरास नाशाचा इशारा दिला आणि नाश टळला. तेव्हां योना रागावला. देव रागावला नाहीं. टळलेल्या संकटाबद्दल उपकार मानावे कीं इशारा देणाऱ्यास दोष द्यावा, हें आपलें आपण ठरवावें.

येथपर्यंत ऐकणाऱ्याचें कर्तव्य झालें. परंतु यहेज्केलाच्या तेहेतिसाव्या अध्यायांत ऐकणाऱ्याइतकाच पहारेकरीही जबाबदार धरिला आहे. शत्रु येतांना दिसत असून ज्यानें शिंग फुंकिलें नाहीं, त्याच्यापाशीं मेलेल्याच्या रक्ताचा झाडा मागितला जाईल, असा तेथें अर्थ आहे. म्हणून दुसरा प्रश्न विचारणें प्राप्त होतें: आपल्या पहारेकऱ्याचें तोंड कोणीकडे आहे?

ह्याच रायगड जिल्ह्यांत, समुद्रापासून आंत, खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींत ठाकर लोकांची इरशाळवाडी होती. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. २०२३ सालच्या १९ जुलैच्या रात्रीं मुसळधार पावसांत डोंगराची दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. मदतीस गेलेल्या लोकांस चिखलांतून डोंगर चढून जावें लागलें, आणि यंत्रें वर नेतां न आल्यामुळें हातांनींच माती उकरावी लागली. २७ प्रेतें हातीं लागलीं, ५७ जणांचा ठावठिकाणा लागला नाहीं, आणि चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत ह्या वाडीचें नांव नव्हतें, असें शासनानेंच त्या वेळीं विधिमंडळांत सांगितलें. दोनच वर्षांपूर्वीं, २०२१ सालच्या २२ जुलैस, महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं होतीं. एवढें होऊनही डोंगरांतील एक वाडी यादीबाहेर राहिली.

समुद्रावरील वादळ हजार कोसांवरून दिसतें, आणि उशाशीं असलेल्या डोंगराची भेग दिसत नाहीं. ह्याचें थोडें कारण शास्त्राच्या मर्यादेंत आहे, हें कबूल केलें पाहिजे. दरड नेमकी केव्हां सुटेल हें सांगणें फार कठीण आहे. परंतु कोणत्या वाडीचें नांव लिहावयाचें हा केवळ शास्त्राचा प्रश्न नव्हे. यादी माणसें करितात. जेथें रस्ता जात नाहीं तेथें पाहणी करणाराही सहसा जात नाहीं, आणि जेथें तो जात नाहीं त्या गांवाचें नांव राहून जातें. ज्या प्रभूनें नव्व्याण्णव मेंढरें सोडून एकाचा शोध करणारा मेंढपाळ आपल्याला दाखविला, त्याच्या शिष्यांस ही गोष्ट साधी चूक म्हणून सोडून देतां येणार नाहीं.

२०२३ सालींच सरकारनें धोक्याचा संदेश घंटेसारखा मोठा आवाज करीत सर्वांच्या मोबाइलवर एकदम पोंचविण्याच्या चांचण्या केल्या. सोय चांगली आहे. तिचा उपहास करण्याचें कारण नाहीं. तथापि निसर्ग वादळांत विजेबरोबर फोनही बंद पडले, आणि कित्येक गांवांत वीज परत येण्यास आठवडे लागले, हें विसरतां कामा नये. ज्या म्हातारीपाशीं फोन नाहीं, किंवा ज्याला ऐकूं येत नाहीं, त्याच्यासाठीं दारीं जाणारा मनुष्यच शिंग होय. यंत्र आलें म्हणून त्या मनुष्यास घरीं बसवूं नये.

आणखी एक गोष्ट. इशारा मानून जो घर सोडून गेला, तो परत आला तेव्हां त्याची वाडी आडवी झालेली होती. पोफळीचें रोप लावल्यावर पहिलें फळ हातीं येण्यास कित्येक वर्षें जातात. नुकसानभरपाईचा हिशेब प्रथम हेक्टरावर करण्यांत आला. पण आपल्याकडे वाड्या गुंठ्यांच्या, तेव्हां लहान बागाईतदाराच्या हातीं फारच थोडें पडूं लागलें. ओरड झाल्यावर दर झाडामागें सुपारीस ५० व नारळास २५० रुपये असा हिशेब ठरला. रक्कम अपुरीच होती. तरी झाडें मोजण्याची ही रीत पहिलीपेक्षां न्यायाची होती, असें आमचें मत आहे. लोक पुढच्या वेळीं इशारा ऐकतील कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं ह्यावरच ठरतें. घर सोड म्हणून सांगणारा मनुष्य आपण परत आल्यावर आपली आठवण ठेवतो कीं नाहीं, हें गरीब मनुष्य बरोबर ओळखतो.

आतां मंडळ्यांनीं काय करावें? सरकारास बोल लावून मोकळें होणें सोपें आहे. प्रत्येक उपदेशकानें आगोटीपूर्वीं एका रविवारीं उपासनेनंतर वडील मंडळींस बसवून आपल्या गांवची यादी करावी: अंथरुणास खिळलेले कोण, एकट्या राहणाऱ्या विधवा कोण, गरोदर बाया कोण, कोणाची झोंपडी खाडीच्या बांधाला लागून आहे, आणि कोणाचें घर डोंगराच्या उतारावर आहे. ही यादी केवळ आपल्या मंडळीची नसावी. वादळ घरांत शिरण्यापूर्वीं धर्म विचारीत नाहीं. प्रत्येक नांवापुढें त्यांस नेणाऱ्या एका सशक्त तरुणाचें नांव लिहावें. उपासनामंदिर पक्कें असेल तर तें सर्वांस उघडें ठेवावें. डोंगरास भेग दिसली किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर तलाठ्यास लेखी कळवावें व त्याची एक प्रत जपून ठेवावी. आणि फोनवर येणारी प्रत्येक बातमी पुढें ढकलूं नये. खोटें शिंग फुंकणाराही पहारेकऱ्याचा द्रोहच करितो.

प्रार्थना अवश्य करावी. परंतु वारा सुटण्यापूर्वीं यादींतील शेवटचें घर रिकामें झालें आहे कीं नाहीं, हें कोणी तरी जाऊन पाहून यावें, आणि मग सर्वांनीं मिळून गुडघे टेंकावे.