जुनी वाट कोणाची?

पुण्याच्या पश्चिमेस वेताळ टेकडी नांवाचा एक लहान डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें २,६०० फूट. पण शहरच १,८०० फुटांच्या वर वसलेलें असल्यामुळें चढ थोडका, म्हाताऱ्या माणसांसही झेपेल असा. बऱ्याच वर्षांनीं आम्ही तेथें गेलों, तों पायांस ओळखीच्या वाटा सांपडेनात. जेथें उघडा माळ होता व कुसळी धोतरास चिकटत असे, तेथें गिरिपुष्पाची दाट राई माजली आहे. (हें झाड मूळचें मध्य अमेरिकेंतील, लवकर वाढतें म्हणून इकडे लाविलें गेलें.) सरळ उतरणारी एक जुनी वाट आडवे दगड लावून बंद केलेली होती, आणि तिच्या जागीं वळणें घेत जाणारी लांब वाट झाली होती. परंतु त्या दगडांस वळसा घालून कोणीं पुन्हां जुन्याच उतारावर पायवाट पाडिली होती.

ती पाडणारांपैकीं कोणासही विचारिलें तर तो म्हणेल, ‘मी येथून पूर्वीपासून जातों, माझ्या एकट्याच्या पावलानें काय बिघडतें?’ या प्रश्नास उत्तर काय?

बिघडतें काय, हें शेतकरी वाचकांस फार सांगावयास नको. पायांखालीं गवत मरतें, माती दडपते, पाणी जिरत नाहींसें होतें. मग सरळ वाट हाच पावसाळ्यांत ओहोळ बनतो. आपल्या या काळ्या खडकावर उताराची माती वीतभरही नसते. ती वाहून गेली कीं वाट निसरडी होते, लोक कडेनें चालूं लागतात, आणि घळ रुंदावत जाते. वळणाची वाट पाण्याचा वेग मोडते. शेतांतला बांध तरी दुसरें काय करितो?

आतां ती जुनी वाट कोणीं केली? कुदळ घेऊन कोणीही आला नव्हता. जो तो आपल्यापुरता एकदां गेला, एवढेंच. प्रत्येकाचें पाऊल जर शून्य, तर शून्यांची बेरीज वाट कशी झाली? तेव्हां वांटा लहान असेल, पण नाहींच असें म्हणतां येत नाहीं. शिवाय बंद वाटेवर नुकतेंच गवत उगवत असतां पहिलीं थोडीं पावलेंच अधिक नाश करितात. पुढच्या शंभरांस तुडविण्यास उरतें काय? म्हणून ‘वाट आधींच बिघडलेली आहे’ ही सबबही चालत नाहीं.

तथापि एक गोष्ट आम्हांस खटकते. डोंगरावर हवा खावयास जाणारा आणि डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतरणारी बाई, या दोघांस एकच नियम लावणें न्यायाचें आहे काय? त्याला वळण म्हणजे चार घटका अधिक फिरणें; तिला तें मानेवरचें ओझें. तो जुन्या वाटेवर हक्क सांगतो तो आठवणीचा, आणि आठवणीसाठीं माती वाहूं देणें आम्हांस मान्य नाहीं. तिचा हक्क गरजेचा आहे. वाट बंद करणारांनीं दगड रचण्यापूर्वीं तिला विचारावयास हवें. अशा जागीं उतारावर दगडी पायऱ्या बसवून, मधून मधून आडव्या दगडांनीं पाणी कडेस काढून देतां येतें. त्यास दगड लागतात ते डोंगरावरच आहेत, आणि चार माणसांचे कांहीं दिवस.