प्रवेशाची यादी आणि देवाची बारी

सज्जनहो, ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात, आणि त्याच सुमारास मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, घरोघरी दुसरीच एक वाट पाहणे सुरू होते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, पेढे वाटून झालेले असतात, आणि मग सगळे घर कॉलेजच्या यादीकडे डोळे लावून बसते.

२०२५ सालचेच पाहा. १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रात प्रथमच एका ऑनलाइन पद्धतीने व्हायचे होते. २१ मेला संकेतस्थळ उघडायचे, ते चालेना. मग २६ मेपासून नोंदणी धरली. पहिली यादी २६ जूनला लागायची ती ३० जूनवर गेली आणि अखेर २८ जूनला लागली. इकडे पालख्या १८ आणि १९ जूनला निघाल्या होत्या, आणि ६ जुलैला आषाढी एकादशी होती. दोघेही वाटेवरच होते म्हणा ना! पण वारकऱ्याला आज लोणंद, पुढे तरडगाव, मग फलटण, असा मुक्काम ठाऊक असतो. पाय दुखतात, पाऊस झोडपतो, तरी जीव ठिकाणावर असतो. या मुलांना उद्याचा मुक्कामच ठाऊक नव्हता. चालण्याचे कष्ट माणूस सोसतो. कुठे पोचणार हेच न कळण्याचे कष्ट फार जड असतात.

आणि हे काही एकाच वर्षाचे नाही. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा ठेवण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयात रद्द झाला. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि पदवीचे निकाल महिनोन् महिने रखडले. राज्यपालांनी घातलेली ३१ जुलैची मुदतही टळली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या मुलांच्या हाती गुणपत्रिका नाही, म्हणून पुढचा प्रवेश नाही! २०२० साली मराठा आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली ९ सप्टेंबरला. अकरावीची यादी दुसऱ्या दिवशी लागायची होती, ती थांबली ती थांबलीच. नोव्हेंबरअखेर कुठे चाक पुन्हा फिरले. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी परीक्षा ठरली, आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. त्या परीक्षेचा अभ्यास करीत बसलेल्या पोरांनी पुस्तके मिटली ती कोणत्या मनाने, ते त्यांच्या आयांना विचारावे.

आता प्रश्न असा, की देवाचे नाव घेणाऱ्या घराने या दिवसांत वागावे कसे?

प्रथम यादी म्हणजे काय ते नीट ध्यानी घेऊ. पुष्कळ पालकांची समजूत अशी, की कटऑफ ही कॉलेजने आखलेली एक रेघ आहे. रेघेच्या वर तो हुशार, खाली तो कच्चा. वस्तुस्थिती तशी नाही. कॉलेजात जागा ठरलेल्या असतात. त्या वर्षी ज्यांनी त्या कॉलेजचे नाव लिहिले, त्यांना गुणांच्या क्रमाने आत घेतात, आणि जागा संपल्या की थांबतात. सर्वांत शेवटी जो आत गेला, त्याचे गुण म्हणजे कटऑफ. ती रेघ आधी कुठेच नसते. विलेपार्ल्याच्या साठ्ये कॉलेजचे नाव किती जणांनी लिहिले, मुलुंडच्या वझे कॉलेजचे किती जणांनी, यावर ती वरखाली होते. गेल्या वर्षी ज्या गुणांना दार उघडले, त्याच गुणांना यंदा मिटले, तर मुलाचा अभ्यास कमी पडला असे नव्हे. त्याच दाराशी यंदा माणसे जास्त आली.

दृष्टांत आपल्या घरचाच आहे. आषाढीला पंढरीत देवाचा पलंग काढतात. देव झोपत नाही, रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. तरीसुद्धा आलेल्या लाखोंपैकी सगळ्यांना पायांवर डोके ठेवता येत नाही. बारीत कितीएक तास उभे राहावे लागते. कोणाची गाडी सुटायची असते, कोणाच्या सोबतीला म्हातारी आई असते, कोणाचे शेत वाट पाहत असते. असे असंख्य वारकरी नामदेवाच्या पायरीशी येतात, तिथे माथा टेकतात, मान वर करून कळस पाहतात आणि परत फिरतात. गावी गेल्यावर त्यांना कोणी म्हणते का, की तुझी वारी फुकट गेली? बारीत पुढे होता तो मोठा भक्त आणि मागे राहिला तो लहान, असा हिशेब कोणी मांडतो का? आत गाभाऱ्यात जागा किती आणि बाहेर माणसे किती, एवढाच तो प्रश्न असतो. कॉलेजची यादी हीसुद्धा जागांचा हिशेब आहे. मुलाची किंमत त्या कागदावर लिहिलेली नसते.

कोणी म्हणेल, "महाराज, बारीत आधी आला तो आधी जातो, इथे तर गुणांवर जातो. दोन्ही सारखे कसे?" शंका रास्त आहे. गुणांत मुलाची मेहनत असते, हे खरेच. पण ती मेहनत परीक्षेच्या दिवशी पुरी झाली. त्यानंतर जे होते त्यात मुलाच्या हाताचे काही नाही. निकाल आणि यादी यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्यांत ते मूल काल होते तेवढेच हुशार असते. फक्त थांबलेले असते. थांबलेल्याला नापास झालेल्यासारखे वागवणे हा अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा घरातच होतो.

कसा होतो ते सांगतो. सकाळी चहाबरोबर बाप विचारतो, "लागली का रे?" दुपारी मावशीचा फोन, "काय, कुठे मिळालं?" संध्याकाळी जिन्यात शेजारी, "आमच्या पिंकीला पहिल्याच यादीत लागलं हो!" बिचारे मूल दिवसातून दहा वेळा "अजून नाही" म्हणते, आणि दहाव्या वेळी त्याला वाटू लागते, की आपलेच काहीतरी चुकले आहे. विचारणाऱ्याच्या मनात प्रेम असते, यात संशय नाही. पण प्रेमाचाही भार होतो.

दुसरा अन्याय आपण धार्मिक माणसे करतो. मनासारखे कॉलेज नाही मिळाले, की आपण चटकन म्हणतो, "देवाची इच्छा!" थोडे थांबा. संकेतस्थळ बंद पडले ही देवाची इच्छा? उत्तरपत्रिका वेळेवर तपासल्या गेल्या नाहीत ही देवाची इच्छा? माणसांच्या कामाचा दोष विठोबाच्या माथी मारणे हे काही भक्तीचे लक्षण नव्हे.

चोखोबांचे आठवा. चोखोबा आयुष्यभर पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहिले. आत जाण्याची त्यांची पात्रता नव्हती, असे आज कोण म्हणेल? दार देवाने मिटले नव्हते, माणसांनी मिटले होते. त्यांची समाधी त्याच महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीजवळ आहे. आत न पोचणारा वारकरी जिथे माथा टेकतो, तिथेच चोखोबा आहेत. आणि ते मिटलेले दार आपोआप उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा हरिजनांना ते उघडले. धीर आणि मुकाटपणा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे पंढरीच्या दारातच आपल्याला शिकवलेले आहे. तेव्हा अर्जात चूक दिसली, गुण चुकीचे चढले, दाखला मान्य झाला नाही, तर तक्रार जरूर करावी. लेखी करावी, तारीख घालून करावी, पोच घ्यावी. फेरतपासणीचा मार्ग असेल तर तोही धरावा. हक्क मागताना कपाळाला आठी घालायची गरज नाही, आणि श्रद्धा आहे म्हणून हक्क सोडण्याचीही नाही.

नवसाबद्दलही दोन शब्द. "अमुक कॉलेज मिळू दे, पायी वारी करीन," असे बोलणारे पालक भेटतात. वारी करावी, आनंदाने करावी. पण मुलासमोर असा नवस बोलला, की त्याच्या मनात काय उतरते? नाही मिळाले तर कॉलेजही गेले आणि देवही रुसला! सोळा-सतरा वर्षांच्या जिवावर एवढे ओझे कशाला?

मग वाट पाहायची कशी? पुंडलिकाची कथा लहानपणापासून ऐकतो आपण. प्रत्यक्ष परब्रह्म दाराशी आले. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने हातचे काम टाकले नाही. एक वीट मागे सरकवली आणि देवाला म्हटले, जरा उभा राहा. या कथेत मुलांनी पुंडलिक व्हावे आणि आईबापांनी विठोबा व्हावे, असे मला वाटते.

मुलांनी पुंडलिक व्हावे म्हणजे यादी येईल तेव्हा येईल, हातचे काम टाकू नये. जी शाखा घ्यायची ठरली, तिची पुस्तके कोणत्याही कॉलेजात तीच असतात. रोज दोन तास ती उघडावी. बाकीचा वेळ खेळावे, आजीला दवाखान्यात न्यावे, गाणे शिकावे, झोपावे. फोनवर यादी पाहण्याची वेळ दिवसातून एकदाच ठरवावी. पन्नासदा पाहिल्याने ती लवकर लागत नाही. पसंतीक्रम भरताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. २०२५ च्या अकरावीच्या नियमांत दहापर्यंत नावे लिहिता येत होती. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागे, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. अशा ठिकाणी ज्याला खरेच जायचे आहे तेच नाव पहिले लिहावे, शेजाऱ्याला दाखवायचे नाव लिहू नये. दरवर्षी नियम बदलतात, ते त्या वर्षीचे वाचावेत. आणि रोजच्या प्रवासाचा विचार करावा. बोरिवलीच्या मुलाला मुलुंडचे कॉलेज लागले तर लोकलने अंधेरी, तिथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपर, आणि पुन्हा लोकल. रोज जाऊन-येऊन किती वेळ आणि किती जीव जातो, हे यादी लागण्याआधी एकदा स्वतः जाऊन पाहिलेले बरे. घराजवळचे साधे कॉलेज कधीकधी मुलाला रोजचे दोन तास परत देते.

आणि आईबापांनी विठोबा व्हावे म्हणजे काय? विठोबाने विटेवर उभे राहून पुंडलिकाला एकदाही विचारले नाही, "झाले का रे?" तो रागावून निघूनही गेला नाही. कमरेवर हात ठेवून नुसता समोर उभा राहिला. मुलाला एवढेच हवे असते. बाप समोर आहे, आई समोर आहे. यादीत नाव आले तरी आहेत, नाही आले तरी आहेत. कागदपत्रांची फाइल तुम्ही तयार ठेवा, फीची तजवीज करा, मावशीचे फोन तुम्ही घ्या. यादीबद्दल बोलायला एक वेळ ठरवा, आणि जेवताना तो विषय काढू नका.

यातूनही एखादे मूल बोलेनासे झाले, जेवण टाकू लागले, रात्र रात्र जागू लागले, "माझ्यामुळेच सगळं झालं" किंवा "मी नसतो तर बरं" असे बोलू लागले, तर त्याला उपदेश करू नका, भजनालाही ओढू नका. जवळ बसा, एकटे सोडू नका, त्याचे ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही कोणीतरी ऐकणारे असते. तो फोन करण्यात कमीपणा नाही. कॉलेजच्या जागा हजार आहेत, ते मूल एकच आहे.

सज्जनहो, पहिली यादी लागेल, दुसरी लागेल. कोणी आत जाईल, कोणी कळस पाहून दुसऱ्या वाटेने परत फिरेल. ज्याला मनासारखे मिळाले त्याने शेजारच्या घरी पेढे नेताना आवाज जरा हळू ठेवावा, कारण भिंतीपलीकडे कोणी अजून बारीत उभे असेल. आणि ज्याला नाही मिळाले, त्याला घरच्यांनी त्या संध्याकाळी नेहमीसारखे ताटावर बोलवावे, त्याच्या आवडीची भाजी वाढावी, आणि उद्या कोणत्या कॉलेजात चौकशीला जायचे ते त्यालाच विचारावे.

रामकृष्णहरी.