वाटेवरील विभूती

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुनाने एक अत्यंत व्यवहारी प्रश्न विचारला आहे. भगवान परब्रह्म आहेत, हे त्याने त्याच अध्यायात आधी मान्य केले आहे. तत्त्वाविषयी त्याच्या मनात शंका उरलेली नाही. तरीही सतराव्या श्लोकात तो विचारतो की, नित्य चिंतन करावयाचे तर ते कोणकोणत्या पदार्थांच्या ठायी करावे. तत्त्व समजले, तरी डोळ्यांनी पाहावे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो तुम्हा-आम्हा गृहस्थांचाही प्रश्न आहे.

भगवंतांनी या प्रश्नाची उपेक्षा केली नाही. त्यांनी एकामागून एक पदार्थ सांगितले. त्यांत मेरू आहे, हिमालय आहे, ऐरावत आहे. हे पदार्थ बहुतेकांना घरबसल्या दिसण्याजोगे नाहीत. परंतु त्याच मालिकेत अक्षरांतील अकार आहे, समासांतील द्वंद्व आहे, ऋतूंतील वसंत आहे, वृक्षांतील अश्वत्थ आहे. अकाराइतका दुर्लक्षित पदार्थ दुसरा कोणता असेल? प्रत्येक व्यंजनाच्या पोटी तो राहतो आणि लिहिताना त्याला स्वतंत्र खूणही मिळत नाही. आपण दिवसातून सहस्र वेळा त्याचा उच्चार करतो आणि एकदाही त्याच्याकडे लक्ष देत नाही. भगवंतांनी आपली विभूती म्हणून त्यालाही मान दिला.

अश्वत्थाचे तसेच आहे. मुंबई, कोलकाता, दिल्ली, नागपूर, कोणतेही नगर घ्या. ज्या भिंतीची दोन-चार पावसाळे डागडुजी झालेली नाही, तिच्या भेगेतून पिंपळाचे रोप डोकावताना दिसते. पक्ष्याने फळ खाल्ले, बी विष्ठेतून भिंतीवर पडले, चिमूटभर धूळ आणि थोडी ओल मिळाली, एवढ्यावर हा वृक्षराज उभा राहतो. त्याची फुले कोणाला दिसत नाहीत, कारण ती फळासारख्या भासणाऱ्या गाठीच्या आत असतात. तिळाएवढा एक कीटक त्या गाठीच्या तोंडातून आत शिरतो तेव्हा परागसिंचन होते, आणि तो कीटक पिंपळाच्याच सेवेत जन्मलेल्या विशिष्ट जातीचा असतो. अमरकोशात अश्वत्थाला चलदल हे एक नाव दिले आहे. चलदल म्हणजे ज्याची पाने हलत असतात असा. पानाचा देठ लांब व सडपातळ असल्यामुळे, इतर झाडे स्तब्ध असतानाही पिंपळाचे पान थरथरते. हे नाव ज्या कोणी प्रथम उच्चारले, तो वृक्षाखाली घटकाभर थांबला असला पाहिजे. आपण त्याच वृक्षाखाली बसची वाट पाहत उभे असतो आणि वर दृष्टी जात नाही.

येथे कोणी म्हणेल की, झाडाचे पान पाहिले नाही म्हणून गृहस्थाची अशी काय हानी झाली? पानाचे राहू द्या. पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकाकडे वळू. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने ज्याला सर्वांत खाली लोटले तो मनुष्य, या सर्वांच्या ठायी ज्ञानी पुरुष समच पाहतात, असा तेथे आशय आहे. या श्लोकावर प्रवचने पुष्कळ होतात, आणि वक्ता बहुधा 'सम' या पदावर सारा भर देतो. समत्व कठीण आहे, यात संशय नाही. परंतु नगरातील गृहस्थाची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. त्याच्याकडून 'दर्शन'च घडत नाही. सकाळी सातची गाडी गाठावयाची म्हणून तो जिन्यावरून उतरतो. त्याच जिन्याखाली पहाटेपासून झाडू चालवणारा मनुष्य बाजूला सरून त्याला वाट देतो. हा क्रम दहा-बारा वर्षे चालला तरी त्या मनुष्याचा चेहरा विचारला असता गृहस्थाला सांगता येत नाही. त्याच्या मनात द्वेष नाही, तुच्छताही नाही; विचारले तर तो मनापासून म्हणेल की, सर्वांभूती एकच आत्मा आहे. परंतु ज्याला पाहिलेच नाही, त्याला सम पाहणार कसे? मला तर असे वाटते की, आजच्या काळात समदर्शनाचा घात वैरापेक्षा घाईनेच अधिक केला आहे.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो शास्त्राच्या आधारानेच केला जातो. दुसऱ्या अध्यायात कासवाचा दृष्टांत देऊन इंद्रिये विषयांपासून आवरून घेण्यास सांगितले आहे. मग बाजारातून जाताना इकडेतिकडे पाहत थांबणे हा विक्षेप नव्हे काय? खाली मान घालून नामस्मरण करीत चालणे बरे नव्हे काय? श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील बाण करणाऱ्या कारागिराची कथा याच पक्षाच्या समर्थनार्थ सांगितली जाते. तो बाण घडवण्यात इतका तन्मय झाला होता की, वाद्यांच्या गजरात राजा शेजारून निघून गेला तरी त्याला कळले नाही. न पाहणारा तो कारागीर धन्य ठरला, मग आम्ही कशाला पाहावे?

ही कथा पुन्हा लक्षपूर्वक वाचावी. राजाची स्वारी त्या कारागिराने पाहिली नाही हे खरे. परंतु त्या कारागिराला कोणी पाहिले? अवधूताने पाहिले, आणि त्याला आपल्या चोवीस गुरूंत स्थान दिले. सर्वांच्या माना राजाकडे वळल्या असतील तेव्हा अवधूताची दृष्टी कडेच्या एका कारागिरावर, त्याच्या बोटांवर आणि बाणाच्या टोकावर स्थिर झाली. एकाग्रतेचा पाठ त्याला मिळाला तो पाहिल्यामुळे. त्याच स्कंधातील इतर गुरूही असेच आहेत. घरी पाहुणे आले असता भात कांडणारी कुमारी हातातील कांकणांचा आवाज होतो म्हणून एकेक कांकण उतरवते. विदेह नगरातील पिंगला मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळत उभी राहते आणि शेवटी तिला वैराग्य येते. अवधूताला हे सारे ज्ञान आल्यागेल्या वाटेवर मिळाले. यदुराजाने त्याला गाठून तुझ्या आनंदाचे कारण काय असे विचारले, तेव्हा त्याने पृथ्वी, वायू, भ्रमर, कोळी अशी साध्या पदार्थांची गणना केली.

तेव्हा इंद्रियनिग्रहाचा अर्थ डोळे मिटून घाईने निघून जाणे असा होत नाही. दुकानाच्या काचेमागील वस्तू पाहून जी दृष्टी 'हे मला हवे' म्हणते, ती आवरावयाची आहे. तिला भगवंतांनी चौदाव्या अध्यायात रजोगुणाच्या लक्षणांत घातले आहे. लोभ, सतत नवे आरंभ, अस्वस्थता आणि स्पृहा ही ती लक्षणे. नगरातील घाई पाहिली की ही चारही लक्षणे रस्त्यावरून चालत आहेत असा भास होतो. दुसरीकडे, हातातील भ्रमणध्वनीवर नजर खिळवून, वाटेतील मनुष्याला धक्का लागला तरी शुद्ध नसलेला जो चालतो, त्याला एकाग्र म्हणण्याचे धाडस कोणी करू नये; प्रमाद आणि मोह ही तमाची लक्षणे तेथे अधिक शोभतात. यांच्या आधी, अकराव्या श्लोकात, सत्त्वगुणाचे लक्षण दिले आहे. देहाच्या सर्व द्वारांत जेव्हा प्रकाश उत्पन्न होतो तेव्हा सत्त्व वाढले असे समजावे, असा त्याचा भाव आहे. द्वारे म्हणजे ज्ञानेंद्रिये. ती बंद झाली असे भगवंत म्हणत नाहीत; ती उजळली असे म्हणतात. भाषांतराचे काम करणाऱ्याला येथे क्षणभर लेखणी थांबवावी लागते, कारण मराठीत 'इंद्रिये आवरली' हा प्रयोग सहज येतो आणि 'इंद्रिये उजळली' हा येत नाही. बोली आपली सवय सांगते, दुसरे काय!

आता या उजळलेल्या दृष्टीने एका नगरातील एक गोष्ट पाहू. मुंबईच्या जुन्या वस्तीत दगडी पाणपोया आहेत. संस्कृतात पाणपोईला प्रपा म्हणतात, आणि विहिरी, तलाव, धर्मशाळा यांच्याबरोबर तिची गणना पूर्तकर्मात होते. यज्ञयागादी इष्ट, आणि लोकांसाठी केलेली ही कामे पूर्त. गृहस्थाला दोन्ही विहित आहेत. एकोणिसाव्या शतकात या नगरातील धनिकांनी हे पूर्तकर्म मोठ्या प्रमाणावर केले. पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर यांनी चाळीस पाणपोया नगरास दिल्या. शेठ केशवजी नायक यांनी १८७६ साली मशीद बंदराजवळच्या भात बाजारात पाणपोई बांधली. अनेक पाणपोयांना माणसांच्या हाताच्या उंचीवर तोट्या आणि खाली बैल-घोड्यांसाठी दगडी कुंड्या अशी रचना होती. ज्याने ती खालची कुंडी सांगून करवून घेतली, त्याने मालाची गाडी ओढणाऱ्या बैलाच्या तोंडाचा फेस कधीतरी पाहिला होता.

फोर्ट भागातील मिंट रोडवरील पाणपोई तर थांबून पाहण्यासारखी आहे. कापसाचे व्यापारी रतनशी मुळजी यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभारली. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८८८ साली पूर्ण झालेल्या स्थानकाचे स्थपती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनीच तिची रचना केली. तिच्या शिखरावर हाती पुस्तक असलेल्या एका मुलाची मूर्ती आहे. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या पित्याने मुलाचे पुस्तक तसेच त्याच्या हाती राहू दिले आणि खाली परक्यांच्या तहानेची सोय केली. या पाणपोईचा पुढे जीर्णोद्धार झाला आणि २०१८ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा-संवर्धन पारितोषिकांत तिचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. त्या चौकातून कचेरीत जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून तो मुलगा पाहिला असेल? शोक यज्ञात कसा परिणत होतो, यावर आम्ही पंडित मंडळी तासभर बोलू. तेथे तो दगडात उभा आहे.

परंतु सर्वच पाणपोयांचे भाग्य असे नाही. कित्येकींच्या तोट्या गेल्या, कुंड्यांत कचरा साठला, दात्याच्या नावाची शिला फलकांमागे झाकली गेली. कोणी त्या हेतुपुरस्सर मोडल्या असे नाही. शेजारून जाणाऱ्यांनी पाहिले नाही, इतकेच. पूर्तकर्म करणाऱ्याचे पुण्य त्याला मिळाले असेल; पण वैशाख-ज्येष्ठात दुपारी बारा वाजता हातगाडी ओढणाऱ्याला विकतचे पाणी घ्यावे लागते, किंवा तो तसाच पुढे जातो.

हे केवळ मुंबईचे नाही. अहमदाबादच्या जुन्या पोळांत, म्हणजे दरवाजाआड वसलेल्या घरांच्या वस्त्यांत, खांबावर उभारलेले कोरीव चबुतरे आहेत. पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी वस्तीने ते बांधले. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञाला तेथे लाकडाचे वा दगडाचे रूप मिळाले आहे. चेन्नईच्या मैलापूर भागात मार्गळी महिन्याच्या पहाटे दारापुढे कोलम रेखाटतात. मासांमध्ये मार्गशीर्ष आपण आहोत असे भगवंतांनी म्हटले, आणि ते नाव तमिळ भाषेत याच मार्गळीच्या रूपाने नांदते. तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या रेषा मुंग्यांचे अन्न होतात. दगडाच्या भुकटीने काढल्या तर मुंग्या उपाशी राहतात. पिठाची की भुकटीची, हे कळण्यासाठी वाकावे लागते.

साधकांनी यासाठी काही मोठे व्रत घ्यावे असे नाही. आठवड्यातून एक दिवस ठरलेल्या वेळेच्या पाव घटका आधी घरातून निघावे आणि नेहमीचीच वाट निवडावी. नवी वाट घेतली तर मन कौतुकात रमते आणि साधना सहलीत विरते. त्या वेळात काही विकत घेऊ नये, कोणाच्या घरात डोकावू नये, आणि कोणाच्या दोषांची मोजदाद करू नये, कारण परनिंदेसाठी उघडलेले डोळे मिटलेलेच बरे. नाम मुखी असावे. मुले बरोबर असतील तर फार उत्तम. मुंग्यांची रांग पाहून मूल थांबते तेव्हा त्याचा हात ओढण्याची घाई आपलीच असते, त्याची नसते. त्या दिवशी जो पदार्थ किंवा जो मनुष्य प्रथमच दिसला असे वाटेल, त्याला मनातल्या मनात नमस्कार करावा. मनुष्य असेल तर त्याचे नाव विचारावे. नाव विचारण्यात संकोच वाटतो, असा अनेकांचा अनुभव आहे. दहा वर्षांनी विचारले तर तो संकोच अधिकच असतो. तरीही विचारावे.

वाटेवर एखादी कोरडी पाणपोई दिसली, तर ती कोणाच्या अखत्यारीत आहे याची नगरपालिकेच्या कचेरीत चौकशी करता येते. त्याला विलंब लागतो. तोवर अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान करणाऱ्या गृहस्थाने तो कुंभ एक दिवस ब्राह्मणाच्या घरी पोचवून न थांबता, आषाढाचा पाऊस येईपर्यंत आपल्या दाराबाहेर एक माठ ठेवावा. माठ सावलीत असावा, त्यावर झाकण असावे, पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे असावे, म्हणजे आत हात बुडत नाही. तो रोज सकाळी रिकामा करून घासावा आणि ताजे पाणी भरावे. हे काम गड्यावर न टाकता घरातील कोणीतरी करावे. शेजारी जमिनीवर मातीचे एक पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे. कुत्रे, चिमण्या आणि खारी यांची उंची माठाला पोचत नाही.