हरकत आणि सूचना

‘हरकत’ हा शब्द मूळचा अरबी आणि तेथे त्याचा अर्थ हालचाल, गती असा आहे. मराठी कारभारात मात्र तो गतीला आडवा येणारा झाला. शहराच्या हद्दीत नवी गावे घ्यावयाची असोत वा प्रभागांची फेरमांडणी करावयाची असो, मसुदा आधी प्रसिद्ध होतो आणि मग रहिवाशांकडून ठराविक मुदतीत ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. पत्रिका छापून झाल्यावर वराची पसंती विचारावी, तसा हा शिष्टाचार आहे.

काही वर्षांपूर्वी प्रभागरचनेच्या अशा एका सुनावणीला मी जाऊन बसलो होतो. दाराशी भिंतीवर डकवलेल्या नकाशासमोर गर्दी होती. जो तो बोट ठेवून आपली गल्ली शोधत होता. माझ्या पुढे रांगेत असलेल्या एका निवृत्त गृहस्थांचे म्हणणे साधे होते. त्यांच्या वस्तीजवळची प्रभागाची सीमा एका नाल्याच्या काठाने आखली होती. तो नाला बुजवून त्यावर रस्ता झाल्याला कित्येक वर्षे लोटली होती आणि आता त्या अदृश्य नाल्यामुळे समोरासमोरची घरे दोन प्रभागांत जाणार होती. कारकुनाने विचारले, “हरकत आहे ना?” गृहस्थ म्हणाले, “हरकत नाही हो, सूचना आहे. ती कुठे द्यायची?” कारकुनाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, अर्जावर शिक्का उमटवला, पोच हातात दिली आणि पुढचे नाव पुकारले.

शहराचा कारभार कोणत्या घाटाचा असावा हे त्या शहरात राहणाऱ्यांनी ठरवावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचा उगम कोणाच्या औदार्यात नसून एका भांडणात आहे. १८६५च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे गेला खरा, परंतु प्रत्यक्ष सत्ता म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटली. क्रॉफर्ड कर्तबगार होते, शहराची घाण उपसण्याचे श्रेय त्यांना नाकारता येणार नाही, आणि त्यांच्या नावाची मंडई पुढे शंभराहून अधिक वर्षे मुंबईकरांच्या तोंडी राहिली; पण खर्चाला त्यांनी आवर घातला नाही, आणि १८७१ साली घरपट्टी भरणारे शेठ व घरमालक खवळून उठले. कमिशनरचे अधिकार काढून घ्या, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहतांनी या प्रश्नावर निबंध वाचला आणि विरोधी श्रोत्यांपुढे नेमके उलटे सांगितले: अंमल एका जबाबदार अधिकाऱ्याच्याच हाती असू द्या, दोष त्याच्या अधिकारांत नाही, त्याला जाब विचारणारे मंडळ नेमलेले आहे, निवडलेले नाही, यात आहे.

हा प्रसंग मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो. त्या सभागृहात गिरणीतला कामगार नव्हता, चाळीतला भाडेकरी नव्हता, स्त्रिया तर नव्हत्याच. तरीही वाद होता तो कारभाराच्या घाटाविषयीच, आणि त्या वादाची परिणती १८७२च्या कायद्यात झाली. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले. मात्र वर्षाला पन्नास रुपये कर भरणारालाच मताचा अधिकार मिळाला. पुढे मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या झुंजीतून १८८८चा कायदा आकाराला आला आणि अनेक दुरुस्त्या पचवून तोच आजही मुंबईत चालू आहे.

पुण्याची कथा निराळी. तेथे १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले नगरपालिकेत होते, तेही सरकारने नेमलेले सभासद म्हणून. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध करणारे सभासद ते एकटेच होते. नेमलेला मनुष्य नेहमी मिंधाच असतो, असे म्हणणाराने हे ध्यानात ठेवावे. आणि निवडलेल्याविषयी मी येथे काही न बोललेलेच बरे.

१८८२ साली व्हाइसरॉय रिपनसाहेबांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला. १९२२ साली मुंबईत महिना दहा रुपये भाडे भरणाराला मत मिळाले. १९४८ साली प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली. करदाता, मग भाडेकरी, मग प्रत्येक प्रौढ नागरिक, असा दरवाजा रुंदावत गेला. मात्र दरवाजा जसा रुंद झाला, तसा आत चालणाऱ्या चर्चेचा विषय आक्रसत गेला. सभासद कोण असावा हे सर्वांना विचारले जाऊ लागले. सभागृह कसे असावे हा प्रश्न मात्र मंत्रालयाच्या दप्तरात जाऊन बसला.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि तीन लाखांवरील वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. पाठोपाठ १९९८ साली मुंबई व नागपूर येथे महापौर परिषद आली, म्हणजे कमिशनरचा अंमल निवडलेल्या मंडळाकडे गेला, मेहतांच्या भूमिकेच्या अगदी विरुद्ध. आणि वर्षभरात ती गुंडाळलीही गेली. आणण्यापूर्वी नागरिकाला कोणी विचारले नाही, घालवतानाही नाही. पुणेकराने २००२ साली एका प्रभागातून तीन नगरसेवक निवडले, २००७ साली एक, २०१२ साली दोन आणि २०१७ साली चार. आपल्या गटाराविषयी या चौघांपैकी कोणाला धरावे, हे त्याला कोणी सांगितले नाही. भागातल्या मतदारांनी एकत्र बसावयाच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली राज्याच्या कायद्यात दाखल झाली. आपल्या भागातली अशी सभा कधी भरली, हे वाचकाने शेजाऱ्याला विचारून पाहावे.

अधिक बोलके उदाहरण उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसणारी ही गावे २०१७ साली महापालिकेत घेतली गेली. करपट्टी वाढली, पाणी मात्र मनाजोगे आले नाही, तक्रारी वाढल्या, आणि २०२४ साली दोन्ही गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. अवघ्या सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद! दप्तरे हलली, पट्टीचे दर बदलले, दाखला कोठे मिळेल हे रहिवाशाला प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागले. समाविष्ट होण्यापूर्वीच गावकीला बसवून पाणी कधी, कर किती, कचऱ्याचे काय, एवढे तीन प्रश्न लेखी सोडवले असते, तर हा फेरा वाचला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या सुनावणीनंतर यथावकाश अंतिम अधिसूचना निघाली. सीमांचे वर्णन मी मुद्दाम काढून वाचले. तो नाला त्यात जसाच्या तसा वाहत होता.