अन्नाला अट असावी काय?

अन्नदानाचे माहात्म्य कळण्यासाठी वारकऱ्याला पोथी उघडावी लागत नाही. आळंदी-देहूहून पालख्या हलल्या की पंढरीस पोहोचेपर्यंत वाटेवरची गावे लाखो मुखांना जेवू घालतात. कोणी पिठले-भाकरी आणतो, कोणी नुसता चहा. वाढणारा जात पुसत नाही, गाव पुसत नाही; 'घ्या माउली' एवढाच त्याचा मंत्र. दोन-अडीच आठवडे आपण हे बिनअटीचे अन्न आनंदाने खातो. पण घरी परतल्यावर आपलीच भाषा बदलते. 'फुकट वाढले तर लोक आळशी होतील.' 'आधी माळ घाला, मग पंगतीला बसा.' 'अमक्या धर्माची मंडळी अन्न वाटतात, त्यात त्यांचा काही डाव असेल.' कीर्तन आटोपले की हे बोल हटकून कानी येतात. म्हणून आज एवढाच प्रश्न विचारास घेऊ : भुकेल्याला अन्न देताना अट घालावी काय? आणि घालायचीच तर ती कोणावर?

प्रथम श्रुती काय म्हणते ते पाहू. छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेविले आणि मग वेद म्हणावयास सांगितले. त्या विद्वान मुलाला काही आठवेना. जेवून आला आणि सारे स्फुरले. वेद तेच, मुलगा तोच, मध्ये अन्न तेवढे आले. ज्या पोराच्या पोटात सकाळपासून काही गेले नाही, त्याला पाटीवरचे अक्षर काय आणि आपला हरिपाठ काय, दोन्ही सारखेच परके.

त्याच उपनिषदात उषस्तीची कथा आहे. कुरुदेशाचे पीक बुडाले. उषस्ती चाक्रायण हा थोर विद्वान बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावी येऊन राहिला. एक माहूत कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य, खात बसला होता. उषस्तीने मागितले. माहूत म्हणाला, पानात आहे एवढेच आहे. आणि त्यातलेच त्याने दिले. उषस्तीने ते उष्टे अन्न खाल्ले. पाणी मात्र घेतले नाही. कारण त्याने सांगितले, ते असे : हे न खातो तर जगलो नसतो, पाणी मला हवे तेव्हा मिळेल. पुढे उरल्या घासाच्या बळावर तो राजाच्या यज्ञात गेला आणि तेथल्या ऋत्विजांना त्याने ज्ञान सांगितले. माहुताने 'तू कोण, तुझे देव कोणते' असे विचारले असते आणि हात आखडता घेतला असता, तर त्या यज्ञातले ज्ञान कोणी सांगितले असते?

आता हा विचार आपल्या पालघर जिल्ह्यात आणू. आषाढात आपण वाटेवर पोटभर जेवत असतो, त्याच आषाढात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कणगी तळाला लागलेली असते. मागचे धान्य सरलेले, नवी नाचणी-वरई शेतात हिरवी, पावसामुळे मजुरी नाही. 1992 च्या सुमारास जव्हारच्या वावर-वांगणी भागात पोरे कुपोषणाने दगावली, तेव्हा महाराष्ट्राला या डोंगराची भूक कळली. त्यानंतर पुष्कळ झाले. 2013 च्या कायद्याने रेशनचा हक्क दिला. 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळू लागले. हे चांगलेच. पण रेशनच्या तांदूळ-गव्हाने पोट भरते, अंग भरत नाही. त्याला डाळ लागते, पालेभाजी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. कित्येक घरी एकादशीला वरईचा भात होतो. ती वरई पिकते याच डोंगरउतारांवर. आपल्या उपवासाचे अन्न जो पिकवतो, त्याचा उपवास मात्र तिथी पाहून येत नाही.

याच भागाने अट घातलेल्या अन्नाचे फळही पाहिले आहे. पावसाळ्यात सावकार खावटीला भात देई आणि सुगीला वाढीव माप वसूल करी. लग्नासाठी कर्ज घेतले की नवराबायको दोघेही जमीनदाराचे 'लग्नगडी' होत आणि उभा जन्म वेठीत जाई. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी यांच्या पाठबळाने वारली उभे राहिले, तेव्हा ती बेडी तुटू लागली. त्यांचा मार्ग आपला नव्हे; पण बोध घ्यावा. गरजेच्या वेळी अट घालून दिलेले धान्य आणि साखळदंड यांत फार अंतर नसते.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप आळसाचा. जो माणूस आषाढात गुडघाभर चिखलात लावणी करतो आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर राबायला जातो, त्याला आळशी म्हणणाऱ्याने त्याच्यासोबत एक दिवस काढावा. मग बोलावे.

दुसरा आक्षेप परधर्मीयांच्या दानाचा. अमेरिकेत कित्येक चर्चच्या आवारात अन्नाची कोठी असते. गरजवंताने यावे आणि पिशवी भरून न्यावी. शेजारच्या मोकळ्या जागेत वस्तीतली माणसे मिळून भाजी लावतात, ती त्याच कोठीत जाते. आपल्या वसईकडेही ख्रिस्ती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या केळी आणि भाजीपाला पिकवीत आले आहेत. अशा कोठीविषयी निर्णय काय? माप एकच लावावे. ज्याने भाकरीच्या मोबदल्यात देवाचे नाव बदलायला लावले, त्याने भाकरी विकली. ज्याने काहीही न मागता वाढले, त्याने पांडुरंगाचीच सेवा केली. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असो की क्रूस. पण बरं का, हेच माप आपल्यालाही आहे. 'आधी माळ घाला' हाही सौदाच. दुसऱ्याच्या कोठीवर संशय घेण्याआधी आपली कोठी किती भरली आहे ते पाहावे.

तेव्हा सिद्धांत असा : अट घेणाऱ्यावर नसावी, देणाऱ्यावर असावी. आणि देणाऱ्याने तीन अटी पाळाव्यात.

पहिली वेळेची. आपले भंडारे सप्ताहाच्या समाप्तीला होतात, तेव्हा बहुधा सर्वांच्याच घरी चूल पेटलेली असते. भुकेचा महिना आषाढ-श्रावण. कोठी तेव्हा उघडावी.

दुसरी त्यागाची. वर्षाला चोवीस एकादश्या. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तर वर्षाला बारा किलो वाचते. शंभर माळकऱ्यांच्या दिंडीचे ते बारा क्विंटल होतात. हे वाचलेले धान्य कोणाचे? उपवास देवासाठी केला, तर त्याचे उरलेले आपल्या डब्यात का परत जावे? देवळात कोठी ठेवावी आणि द्वादशीला पारणे सोडण्यापूर्वी घरोघरचे ते धान्य तिच्यात पडावे.

तिसरी अट सर्वांत अवघड, कारण ती देणाऱ्याला मोठेपणा मिळू देत नाही. घेणाराही कधी देणारा व्हावा अशी तजवीज करावी. कोठीशेजारी वाफा हवा. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात, म्हणून मोठ्या बागेची भाषा तेथे व्यर्थ आहे. पण भांडी धुतलेल्या पाण्यावर माठ, अंबाडी, चवळी होते. कुडाला लागून शेवगा वाढतो. मांडवावर घेवडा आणि दुधी चढतो. मळकरी आपणच, अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग भेटला, हे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. मग बी आणि कुदळ घेऊन पाड्यावर जायला वारकऱ्याने का लाजावे? जाताना शिकवायलाच जावे असेही नाही. पहिल्या पावसातली शेवळे, टाकळा, करटोली कशी ओळखावी आणि कशी रांधावी हे तेथल्या आजीला आपल्यापेक्षा अधिक कळते. तिच्यापाशी बसावे, शिकावे.

सप्ताह काल्याशिवाय पुरा होत नाही. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, भगवंताने त्या कालवल्या आणि सर्वांनी खाल्ल्या. त्यात दाता कोण आणि याचक कोण, हे निवडता येत नाही. परंतु काल्यात शिदोरी आणायला घरात काही असावे लागते. ज्याची कणगी रिकामी आहे, त्याला नुसते बोलावणे पाठवून काला होत नाही; आधी त्याच्या घरी शिदोरी होईल एवढे करावे लागते. पुढल्या आषाढाला अजून अवकाश आहे. मधल्या प्रत्येक एकादशीचे धान्य बाजूला निघो.

रामकृष्णहरि.