पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

मराठी बोलतो तशी लिहितो, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पहिलीतल्या पोराला 'सांगली' वाचायला लावा. 'ग'मध्ये लिहिलेला अ कुणीच उच्चारत नाही. ते पोर मात्र 'सां-ग-ली' असं इमानाने वाचतं. 'मिरज'मध्ये वेलांटी म च्या आधी दिसते आणि इ ऐकू येते म च्या नंतर. अक्षराखाली बोट धरून वाचणारं मूल इथे अडलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

खुणांचा असा घोळ फक्त आपल्याकडेच नाही. लाओसची लिपी दुरून आपल्या नात्यातली, ब्राह्मीच्याच वंशातली. तिथे स्वरांच्या खुणा व्यंजनाच्या आधी, नंतर, वर, खाली, कधी दोन्ही बाजूंना बसतात. पण तिथे स्वर आखूड की लांब यावर शब्दाचा अर्थ ठरतो, म्हणून मुलाचा कान खुणेच्या मदतीला येतो. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर इकार-उकाराच्या लांबीवर अर्थ अडत नाही. १९६२च्या लेखननियमांनी उच्चार पाहून 'कवि'चा 'कवी' केला; 'कविवर्य' लिहिताना मात्र पुन्हा पहिली वेलांटी. हे कानाला कळत नाही, पाठच करावं लागतं.

याहून मला खुपतो तो एक बिनअक्षराचा स्वर. 'केलं', 'पोरगं', 'माणसं' म्हणून बघा. शेवटी नाकात काहीच जात नाही. अ जरा लांबतो, इतकंच. साताऱ्या-सांगलीच्या बोलण्यात हा स्वर वाक्यावाक्याला येतो. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९च्या 'माणदेशी माणसं' या पुस्तकाच्या नावातच तो आहे. पण वर्णमालेत त्याला जागा नाही. अनुस्वाराचं टिंब उसनं घेऊन आपण भागवतो, आणि नवशिकं मूल 'केलम्' वाचतं. 'बॅट' आणि 'डॉक्टर'साठी २००९च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, बाराखडीची चौदाखडी झाली. ते योग्यच झालं. घरच्या स्वराची मात्र कुणाला आठवण झाली नाही.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली. रात्री पाटी घेऊन बसणाऱ्या त्या प्रौढांच्या तोंडात मराठीचे सगळे स्वर आधीपासून होते; शिकायच्या होत्या त्या फक्त खुणा. सहा वर्षांच्या मुलाचंही तसंच असतं. तरी आपण त्याला आधी त्याच्या बोलण्याची लाज वाटायला लावतो आणि मग वाचायला बसवतो.

म्हणून शिक्षकांना आणि आईवडिलांना एक विनंती आहे. पहिली-दुसरीच्या वहीत वेलांटी चुकली म्हणून गुण कापू नका. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचून घ्या, आणि 'केलं'वरचं टिंब अनुस्वार नाही, हे मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाका.