नळीमासा आणि मी

सोनईला समुद्र नाही. मुळेचं पाणी पाटानं येतं, तेवढंच आमचं जलवैभव. त्यामुळे वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत माझं कुठल्याही माशाशी वैर नव्हतं. ते नातवानं जोडून दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वारी पुण्याहून आली ती माशांचं पुस्तक घेऊन. "आजोबा, हा पाइपफिश. म्हणजे नळीमासा." समुद्रघोड्याला शेपटीला धरून सरळ ताणला तर दिसेल तसा हा प्राणी. लक्षद्वीप-अंदमानकडच्या प्रवाळात राहतो. तोंडात दात नाहीत. नळीनं बारीक जीव ओढून घेतो. इथवर माझी हरकत नव्हती. पण पुढं निघालं, की मादी अंडी देते ती नराच्या पोटाखाली, आणि पिल्लं निघेपर्यंत ती वागवतो बाप!

"आजोबा, बाबा लहान असताना तुम्ही काय करायचात?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मी कारखान्यात होतो रे. गळीत हंगाम, रात्रपाळी..."

"बाळ्या आषाढातला," आतून आवाज आला. "तेव्हा कारखाना बंद होता."

आमच्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची रीत आहे. आमच्या घराला दारं आहेत. पण हिच्यापासून काही लपवायला त्यांचा उपयोग नाही.

मी पुस्तक ओढून घेतलं. "हे बघ, पिल्लं पोहायला लागली की बाप मोकळा!"

"तुम्ही पहिल्यापासूनच मोकळे," आतून.

शेवटी बाळ्याच मदतीला आला. त्यानं फोनवर शोधलं, की 2010 साली शास्त्रज्ञांना एका जातीचा नळीमासा पोटाशी धरलेल्या अंड्यांतलं पोषण स्वतःच शोषताना आढळला. म्हणजे बाप अगदीच संत नव्हे! पण त्याच फोनवर हेही निघालं, की 2001 साली आपल्या वन्यजीव कायद्यानं समुद्रघोडे नि नळीमासे यांचं अख्खं कुळ वाघाच्या पंगतीला बसवलं. माझ्या कुळाला मात्र कुठलंच संरक्षण नाही.

रात्री झोप येईना. नळीमाशाला पुण्य लागत असेल का हो? त्याला अंडी नको म्हणता येत नाहीत. जे टाळताच येत नाही, त्याचं पुण्य कसलं? तो निसर्ग. आणि इथंच मी दचकलो. हिच्या जागरणांनाही मी जन्मभर हेच म्हणत आलो : आईची माया, निसर्गच तो! निसर्ग म्हटलं की आभार मानावे लागत नाहीत. पण दीड वर्ष रात्री उठत होती ती काही निसर्गानं उचलून बसवलेली नव्हती. झोप तिलाही येत होती. तिला कूस बदलता आली असती. ती उठली.

आणि मी? एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. ती काल चहाच्या वेळी सांगून टाकली.

"अगं, बाळ्या रडायचा ना, तेव्हा मी जागा असायचो. डोळे मिटून पडायचो."

हिनं बशीत चहा ओतला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "तुमचं घोरणं थांबायचं."